मागच्या बाकापर्यंत

बिराजदार सरांच्या तासाला फळ्याचा डावा भाग आकड्यांनी गच्च भरायचा आणि उजवा भाग कोरा राहायचा. पोरं त्यांना 'अर्ध्या फळ्याचे सर' म्हणायची. सर दारात उभं राहून गणित शिकवायचे. एक पाय वर्गात, एक पाय व्हरांड्यात, आणि हात पोचेल तिथवर समीकरणं. हात पोचेनासा झाला की डस्टर फिरवायचं आणि पुन्हा डावीकडून सुरू करायचं. पुसायच्या आत उतरवून घेणं हे पोरांचं काम. लातूरच्या त्या ज्युनिअर कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवायला लागले तेव्हा माझा वर्ग त्यांच्या शेजारीच होता. माझ्या दारातून सर दिसायचे नाहीत, त्यांचा व्हरांड्यातला पाय तेवढा दिसायचा.

उंच, वाळका माणूस. पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटापर्यंत बटणं लावलेली, आणि खिशाचा कोपरा खडूनं कायम पांढरा. ते स्टाफरूममध्ये येत नसत. चहा खिडकीतून घ्यायचे, बाहेर उभं राहून प्यायचे आणि कप पुन्हा खिडकीतच ठेवायचे. मीटिंगला त्यांची खुर्ची दाराबाहेर. प्राचार्य मधेच विचारायचे, "बिराजदार, ऐकू येतंय ना?" बाहेरून उत्तर यायचं, "येतंय की. ऐकण्यासारखं काय असलं तर जरा जोरात बोला." सगळे हसायचे, प्राचार्यही हसायचे. परीक्षेत त्यांना व्हरांड्याची पाळी ठरलेली, आणि गॅदरिंगला ते मंडपाच्या दोरीपाशी. गावाच्या कडेला पत्र्याच्या दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहायचे. मे महिन्यात त्या पत्र्याखाली त्यांच्या बायकोची काय दशा होत असेल, हे मी एकदा त्यांच्याकडे जेवायला गेले तेव्हा मला कळलं. वहिनी पदरानं वारा घेत म्हणाल्या, "स्लॅबाचं घर बघा म्हणून मी यांना कधी म्हणलं न्हाई. म्हणून काय करू? हे अंगणात झोपतेत, मी आत भाजून घेते."

शिकवताना ते 'समजलं का' असं कधी विचारत नसत. ते विचारायचे, "कुठवर आलास?" मी एकदा त्याचं कारण विचारलं. म्हणाले, "समजलं का म्हणलं की पोरगं हाव, समजलं म्हणतंय. कुठवर आलास म्हणलं की खरं सांगावं लागतंय." हे मी त्यांच्याकडून उचललं आणि पुढे आयुष्यभर वापरलं.

भूकंपाबद्दल सर स्वतःहून बोलले नाहीत. मला कळलं ते इतरांकडून. किल्लारीच्या बाजूला त्यांचं गाव. गणपती विसर्जनाला म्हणून गेले होते. परत यायला उशीर झाला, घरातल्यांची झोप नको मोडायला म्हणून अंगणातल्या बाजेवरच आडवे झाले. पहाटे जाग आली तेव्हा घर नव्हतं. आत आई होती आणि थोरला भाऊ होता. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं माळवद, सगळं एका दमात खाली बसलेलं. तेव्हा अख्खं लातूर अंगणात झोपत होतं, नोकरदार आणि व्यापारी, सगळेच. मग हळूहळू लोक घरात गेले. आधी पायात चपला घालून, दार उघडं ठेवून, आणि मग विसरून गेले. सर विसरले नाहीत.

तरी सुरुवातीला ते वर्गात आत जाऊन शिकवत होते, हे आज कुणाला खरं वाटणार नाही. एकदा त्यांचा तास चालू असताना वरच्या मजल्यावर कुणीतरी बाक ओढले. छताला घरघर झाली. सर धावत सुटले. सगळ्यांच्या आधी, पुढच्या बाकावरच्या एका पोराला कोपरानं ढकलून ते बाहेर पडले. पोरं त्यांच्या मागे. मैदानात येऊन कळलं की नुसते बाक होते. पोरं पोट धरून हसली. ज्याला ढकललं होतं त्याचं ढोपर फुटलं होतं, तोही हसला. सर लिंबाखाली उभे होते, चेहरा पांढराफटक. दुसऱ्या दिवशी त्यांनी प्राचार्यांना सांगितलं, "मी दारातच बरा. पळालो तर कुणाला तुडवणार तरी न्हाई." तेव्हापासून अर्धा फळा.

यात काही बिघडत होतं असं कुणालाच वाटत नव्हतं. माणूस उत्तम शिकवतो, दारातून शिकवतो, शिकवू दे. निकाल चांगला लागायचा. पुढच्या दोन-तीन रांगांमधली पोरं इंजिनिअर व्हायची, पेढे आणायची. मग मंगलचं झालं.

मंगल शिरूर अनंतपाळकडची. नात्यातल्या एका बाईंकडे राहून शिकायची. वर्ग दाटीवाटीचा, ती शेवटच्या बाकावर, भिंतीच्या कोपऱ्यात. बारावीला तिचा गणिताचा पेपर जवळजवळ कोरा गेला. निकालानंतर ती दाखला न्यायला आली तेव्हा सर व्हरांड्यात भेटले. मी तिथंच होते. सर म्हणाले, "अगं, इतकं अडत होतं तर सांगायचं की. तास झाल्यावर मी रोज इथं उभा असतो. वह्या बघतो." मंगल खाली बघत होती. म्हणाली, "सर, तास झाल्यावर तुमच्यापाशी हुशार पोरांची गर्दी असायची. माझ्या वहीत काहीच नसायचं. काय दाखवू?" आणि मग, भांडण नाही, तक्रार नाही, साधं सांगितल्यासारखं, "तुम्ही कधी मागं आलाच न्हाई. मला वाटलं, मागं बसणाऱ्यांचं तुमच्याकडं काही न्हाईच."

सर तिला कारण सांगू शकले असते. भूकंप म्हटलं की आमच्याकडे कुणीही कुणालाही माफ करतं. पण ते बोलले नाहीत. दाखला घेऊन ती गेली. तिचं पुढे लग्न झालं एवढंच कळलं.

"ज्याला येतं तोच वही घेऊन येतो," सर त्या दिवशी मला म्हणाले. "ज्याला येत न्हाई त्याच्या जागेवर आपण जावं लागतंय. पुढं बोलवलं तर ते शेजाऱ्याचं उतरवून दाखवतंय." मग म्हणाले, "मागच्या बाकापर्यंत जायचंय मॅडम. बास, एवढंच करायचंय." मी 'जाल की' असं काहीतरी म्हटलं. आठ-दहा पावलांच्या त्या वाटेला माणसाची सगळी नोकरी लागेल हे मला तेव्हा कुठे माहीत होतं.

जूनमध्ये कॉलेज उघडलं. मी प्रात्यक्षिकांच्या तयारीसाठी सकाळी लवकर यायचे. सर माझ्याही आधी आलेले असायचे. रिकाम्या वर्गाच्या दारात उभे. खाली बघत हळूच आत यायचे, थांबायचे, घामेजायचे. मग वाकून बुटाच्या टोकापाशी खडूनं एक रेघ मारायचे आणि परत बाहेर. तासाच्या वेळी त्या रेघेपर्यंत यायचं, तिच्या पुढे नाही. रेघेवर पाय घट्ट झाला की दुसऱ्या सकाळी वीतभर पुढे. कधी दिवसेंदिवस रेघ जागची हलायची नाही. कधी बाहेर ट्रक धडधडत गेला की मागे यायची. आमचा शिपाई पहिल्यांदा वैतागला, रोज तिथं खडू कोण सांडतं म्हणून. कारण कळल्यावर त्यानं केर काढताना तेवढी जागा सोडायला सुरुवात केली.

मी एकदा विचारलं, "सर, डोळे मिटून एकदा थेट जाऊन का नाही बसत? काही होत नाही हे एकदा कळलं की झालं." ते हसले. "डोळे मिटून गेलो तर डोळ्यांनी बघितलंच न्हाई ना मॅडम. मग इतबार कशाचा?"

प्राचार्य मनाचे चांगले होते. सरांची ही धडपड त्यांच्या कानावर गेली तेव्हा त्यांना फार वाईट वाटलं आणि त्यांनी संस्थेच्या मागे लागून मैदानात एक पत्र्याची शेड उभी केली. तिन्ही बाजू मोकळ्या, नवा फळा, पंखेसुद्धा. नारळ फोडायला सरांनाच बोलावलं. सरांनी नारळ फोडला, प्रसाद वाटला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जुन्याच वर्गाच्या रेघेवर जाऊन उभे राहिले. प्राचार्य चिडले. "बिराजदार, अहो तुमच्यासाठीच केलं ना हे!" सर हात जोडून म्हणाले, "साहेब, मेहरबानी तुमची. शेडमध्ये मी लई चांगला शिकवीन. पण मग मी आत कधी यायचं?" ती शेड पुढे सायकली लावायला कामाला आली. पाठीमागे सगळे सरांना हट्टी म्हणाले, मीही म्हणाले.

पोरांना मात्र सरांचं हे प्रकरण आवडलं होतं. रेघ कुठवर आली यावर त्यांचं बारीक लक्ष असायचं. पहिल्या बाकाच्या पुढे रेघ आली त्या दिवशी वर्गात दबक्या आवाजात टाळ्या वाजल्या. आता फळाही पूर्ण भरायला लागला होता. आणि एका वर्षी, चांगलं करायला म्हणून, त्या पोरांनी एक उद्योग केला. सरांची रेघ ओल्या फडक्यानं पुसली आणि तिसऱ्या बाकापाशी तशीच दुसरी मारली. सर नेहमीसारखे खाली बघत आले, रेघ दिसेपर्यंत चालत राहिले, रेघेवर थांबले आणि वळून शिकवायला लागले. अख्खा तास शिकवलं. शर्ट घामानं भिजला होता, पण आवाज हलला नाही. तास संपल्यावर पोरांना राहवेना. एकजण उठून ओरडला, "सर, आज लई पुढं आलात! खूण आम्हीच सरकवली व्हती!"

सरांचा चेहरा पडला, असं तो पोरगा मला नंतर सांगत होता. ते रागावले नाहीत. पुस्तक मिटलं आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी दारात उभे, आणि या वेळी दोन्ही पाय व्हरांड्यात.

मला त्यांचा खरंच राग आला. मी कॉलेजसमोरच्या चहाच्या टपरीवर गाठलं त्यांना. "अहो सर, पोचलात ना तुम्ही? तासभर उभे राहिलात. छत पडलं का? पोरांनी वाईट काय केलं?"

"पोरांनी काही वाईट केलं न्हाई," ते म्हणाले. "पण ती माझी खूण न्हाई मॅडम. दुसऱ्यानं लिहून दिलेला पेपर झाला तो. उद्या तिथं उभा राहिलो की पाय विचारणार, तू इथं कसा आलास? काय सांगू त्याला?"

"पायाला कशाला उत्तर द्यायचं?"

"पळायचं असलं की तेच पळतेत ना."

पण आजही मला वाटतं, पोरांचं चुकलं नव्हतं आणि सरांचंही पुरतं बरोबर नव्हतं. थोडी फसवणूक सहन केली असती तर काही वर्षं वाचली असती. त्यांनी केली नाही. त्यानंतर कितीतरी दिवस ते उंबऱ्याच्या आतसुद्धा आले नाहीत, आणि फळा पुन्हा अर्धा झाला. एक दिवस सकाळी मी आले तर दारातच एक नवी रेघ दिसली. मी बघितली आणि माझ्या प्रयोगशाळेत गेले. मला आनंद व्हायला हवा होता, पण खरं सांगते, मला नुसता थकवा आला. पुन्हा इथून?

तोपर्यंत लातूर बदलायला लागलं होतं. गावोगावची पोरं गाद्या आणि ट्रंका घेऊन एसटीतून उतरायला लागली. डाळमिलच्या रस्त्यानं वसतिगृहं झाली, भिंतीभिंतीवर गुणवंतांचे फोटो लागले. जिद्द, ध्येय, परिश्रम हे शब्द मी रिक्षांच्या पाठीवर इतके वाचलेत की आता त्यांचा अर्थ लागेनासा झालाय. आमच्यातले बरेच जण क्लासेसमध्ये गेले. एका मोठ्या क्लासच्या मालकानं बिराजदार सरांनाही बोलावलं. त्यांचं सगळं त्याला माहीत होतं. म्हणाला, "सर, तुमच्यासाठी गच्चीवर मंडप टाकतो. वर छत न्हाई, भिंत न्हाई. तुम्ही फक्त या." सर बघायला गेले. मलाही सोबत नेलं. गच्ची प्रशस्त होती, वारा छान होता. सर इकडेतिकडे फिरले आणि विचारलं, "इथं मागं कोण बसतंय?"

मालक अभिमानानं म्हणाला, "आपल्याकडं मागं बसणारं पोरगं घेतच न्हाईत सर. चाचणी घेऊन निवडूनच घेतो."

सर जिना उतरले. रस्त्यात एवढंच म्हणाले, "मग माझं तिथं काय काम?"

पुढे माझी बदली नांदेडला झाली, आमच्याच संस्थेच्या कॉलेजात. तिथंही तेच सुरू झालेलं. पोरं नाव आमच्याकडे घालायची, शिकायला क्लासला जायची. हजेरीपट भरलेला आणि वर्ग मोकळा. किनवटकडची, इस्लापूरची चार-दोन पोरं तेवढी यायची, ज्यांना दुसरीकडे जाणं जमण्यासारखं नव्हतं. मी रिकाम्या बाकांना रसायनशास्त्र सांगून दमले. आपण कुणासाठी शिकवतो आहोत, हा प्रश्न रोज सकाळी साडी नेसताना पडायचा. मग तोही पडेनासा झाला.

अशाच एका दुपारी सरांचा फोन आला. ते फोन फारसा करत नसत.

"मॅडम, पोचलो."

"कुठं पोचलात?"

"मागं. शेवटच्या बाकापाशी. भिंतीला हात लावला. तास होईस्तोवर तिथंच होतो."

मला इतका आनंद झाला की मी स्टाफरूममध्ये उभीच राहिले. "सर! मग? काय वाटलं?"

सर म्हणाले, "तिथं कुणी नव्हतं मॅडम. वर्गात चार पोरं आलती, ती पुढं बसलेली. मागं सगळी धूळ."

मला रडू आलं. त्यांच्यासाठी, आणि माझ्यासाठीही आलं असणार. एवढी वर्षं एका बाकासाठी घासून काढली आणि बाक मोकळा. मी काहीतरी सांत्वनाचं बोलायला गेले, तर तेच म्हणाले, "राहू द्या. रोज जातो आता. बाक पुसून ठेवतो. बसलंच कुणी एखादं, तर आपण तिथं असावं लागतंय." त्यांचा आवाज थकलेला होता. तरी त्यांनी फोन ठेवताना सवयीनं माझ्या वर्गाची चौकशी केली, आणि मी खोटंच सांगितलं की बरं चाललंय.

त्यांच्या निवृत्तीच्या समारंभाला मी नांदेडहून सकाळच्या एसटीनं गेले. प्राचार्य नवे होते, पण सरांची जुनी ख्याती तेवढी त्यांच्यापर्यंत पोचलेली. त्यांनी खास सरांसाठी म्हणून कार्यक्रम मैदानात ठेवला होता, कापडी मंडपात. हॉल मोकळा ठेवून सगळे उन्हात घामाघूम बसले होते. शाल, श्रीफळ, हार सगळं तयार. वहिनी पहिल्या रांगेत, नव्या साडीत. सरच जागेवर नव्हते. शिपाई टपरीवर बघून आला, मी लिंबाखाली बघून आले. प्राचार्य म्हणाले, "आत तर असणार नाहीत, त्यांना ते जमत नाही." वहिनींनी माझ्याकडे बघितलं आणि मान वर्गाच्या दिशेनं वळवली. मी उठून वर्गाकडे गेले.

सगळा वर्ग मोकळा होता. शेवटच्या बाकावर, भिंतीच्या कोपऱ्यात एक मुलगी बसली होती. पुढचे सगळे बाक रिकामे असताना ही तिथंच जाऊन बसली होती. दोन वेण्या घातलेली, गणवेशाची ओढणी दातात धरलेली. तिच्या शेजारी, त्याच बाकावर, दाटून सर बसले होते. नवा शर्ट, वहिनींनी लावलेलं कुंकू कपाळावर. तिच्या वहीवर वाकून बोट ठेवून ते विचारत होते, "इथवर आलीस. हे बरोबर हाय. आता इथं का थांबलीस, ते सांग."

ती काही बोलत नव्हती. सर वाट बघत होते. त्यांना कसलीही घाई नव्हती.

मी दारातूनच म्हटलं, "सर, सगळे थांबलेत बाहेर."

त्यांनी वर बघितलं. मला ओळखलं, डोळे आनंदले. "मॅडम! नांदेडहून आलात? अहो, मग दारात काय उभ्या राहिलात? आत या की. बसा. हिचं एवढं होऊ द्या."

मी आत गेले आणि एका बाकावर बसले. बाहेर माईकवर कुणीतरी हॅलो, हॅलो करून आवाज तपासत होतं. मुलीनं ओढणी दातातून सोडली आणि अगदी हळू आवाजात सांगायला सुरुवात केली.